वॉशरचे पाणी येत नाही? मोटर बदलण्याआधी गाळणी पाहा

आंबिया बहाराचा संत्रा तोडणीला आला की काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर भागातल्या गाड्या पहाटे चार-साडेचारलाच कळमन्याच्या वाटेला लागतात. ज्यांचा माल ट्रकभर असतो त्यांची गोष्ट वेगळी. पण ज्यांच्याकडे दहा-पंधरा कॅरेटच तोडलेले असतात, ते घरच्या जुन्या व्हॅनची मागची सीट काढतात आणि कॅरेट रचून निघतात. मारुती ओम्नीचे उत्पादन २०१९ मध्ये बंद झाले, तरी आपल्या खेड्यांत या गाड्या अजून रोज राबतात. टायर, ब्रेक, इंजिन ऑइल याकडे मालकाचे लक्ष असते. समोरच्या काचेवर पाणी मारणारा वॉशर मात्र बंद पडला तर तसाच राहतो. वर्ष-वर्ष राहतो. 'पावसाळ्यात वरूनच पाणी पडते, मग याचे काय काम?' असे म्हणणारेही भेटतात.

काम पावसाळ्यात नाहीच. ते पडते नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. पांदण रस्त्याने गाडी बाहेर काढताना काचेवर धूळ बसते, तिच्यावर पहाटेचे दव पडते. डांबरी सडक लागली की आपण वायपर फिरवतो आणि त्या धुळीचा पातळ चिखल होऊन काचभर पसरतो. तेवढ्यात समोरून ट्रक आला की त्याच्या लाइटने सगळी काच पांढरी होते. गाडी ताशी ६० किलोमीटरने जात असेल तर एका सेकंदात ती सोळा मीटरच्या वर पुढे सरकते. पाच सेकंद काच आंधळी राहिली म्हणजे ऐंशी मीटरहून जास्त अंतर आपण न बघता कापले. त्या अंतरात मागे लाइट नसलेली बैलबंडी असू शकते, शेतावर निघालेला सायकलवाला असू शकतो. सावनेरकडून कोराडीमार्गे येणाऱ्यांना तर वीज केंद्रांची राख वाहणाऱ्या गाड्यांमागे चालणे काय असते ते सांगायला नको.

संत्रा बागायतदाराची आणखी एक भानगड आहे. गाडी बगीच्यात झाडाखाली उभी राहते. काळ्या माशीची पिल्ले पानांतला रस शोषतात आणि चिकट द्रव सोडतात. पानांवर त्याच चिकट्यावर कोळशीची काळी बुरशी चढते. तोच चिकटा काचेवरही टपकतो. तो कोरड्या वायपरने निघत नाही, उलट फासला जातो. बोर्डो मिश्रणाची फवारणी चालू असताना गाडी जवळ उभी असली तर निळसर थेंब वाळून बसतात, तीही तीच तऱ्हा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये गाडीला चालू स्थितीतला वायपर पाहिजे असे सांगितले आहे. पण पाणी नसलेला वायपर अशा काचेवर फिरवला तर रबर घासते, धुळीतली रेती काचेवर ओरखडे पाडते आणि ते ओरखडे रात्री समोरच्या लाइटमध्ये जाळ्यासारखे चमकतात. काच एकदा ओरखडली की मग वॉशर दुरुस्त करूनही ते जात नाहीत.

गाड्या दुरुस्त करणे हे आम्हा कृषी खात्यातल्या लोकांचे काम नाही, हे कबूल. पण या वॉशरमध्ये असे काही नाही की जे शेतकऱ्याला नवीन आहे. खाली एक प्लॅस्टिकची टाकी, तिच्या बुडाशी १२ व्होल्टवर चालणारा मुठीएवढाही नसलेला पंप, पंपाच्या तोंडाशी जाळी, तिथून वर गेलेली बारीक नळी, नळीला फाटा देणारा टी, आणि शेवटी काचेखाली एक किंवा दोन नोझल. पाठीवरचा फवारणी पंप आणि ठिबकचा संच यांचेच हे लहान भावंड आहे. फवारणी पंप चालेना तर आपण लगेच नवीन पंप आणायला दुकानात जात नाही. आधी नोझल उघडतो, मग गाळणी बघतो, मग नळी. वॉशरच्या बाबतीत मात्र पहिलाच शब्द निघतो, 'मोटर गेली.'

मागच्या हंगामात काटोल तालुक्यात संत्र्याच्या डिंक्याची पाहणी करायला गेलो होतो. बागेजवळ एका भाऊंची जुनी व्हॅन उभी होती, काचेवर बोटाने नाव लिहावे इतकी धूळ. विचारले तर म्हणाले, "साहेब, मोटर गेली म्हणते मिस्त्री. नागपूरहून आणा लागते."

"आवाज येते का भाऊ मोटरचा?"

"आवाज तं येते. पाणीच येत नाही."

आवाज येतो म्हणजे मोटर फिरते आहे. टाकी काढून उलटी केली. तळाशी बोटभर हिरवा-काळा गाळ, त्यात गवताची काडी आणि दोन मेलेले किडे. पंप उपसून जाळी पाहिली तर ती शेवाळाने अशी लिंपली होती की भोक दिसत नव्हते. दात घासायच्या जुन्या ब्रशने ती साफ केली, टाकी तीन पाण्यांनी खंगाळली. पाणी काचेवर पोचले. नवीन पार्ट एकही लागला नाही. हे भाऊ दीड वर्ष पाण्याची बाटली सीटखाली ठेवून दर दहा मैलांवर उतरत होते.

आधी कान लावा

तेव्हा पहिली परीक्षा कानाची. इंजिन बंद ठेवा, चावी 'ऑन' करा आणि दुसऱ्या कोणाला तरी वॉशरचे बटण दाबायला सांगा. तुम्ही टाकीजवळ कान न्या. टाकी कुठे बसवली आहे हे गाडीगणिक वेगळे असते. सापडत नसेल तर नोझलच्या मागून नळी धरून तिच्या मागे मागे जावे. 'घूं' असा आवाज आला तर दोष पाण्याच्या वाटेत आहे. आवाजच नाही तर दोष विजेच्या वाटेत आहे. या एका गोष्टीने अर्धे काम वाचते. बटण मात्र आठ-दहा सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नका आणि टाकी कोरडी असताना तर नाहीच. विहिरीचा पंप कोरडा चालवला तर जे होते तेच या छोट्या पंपाचे होते.

आवाज येत असेल तर टाकीत पाणी आहे का, हे आधी बघा. हसू नका. टाकीला तडा असेल तर रात्री भरलेले पाणी सकाळी खाली सांडलेले असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्या उन्हात दहा-पंधरा वर्षे तापलेले प्लॅस्टिक कडक होऊन तडकतेच. पंप टाकीत जिथे बसतो तिथले रबरही आकसते आणि तिथून थेंब थेंब गळते. टाकीखाली कोरडा कागद ठेवून रात्रभर गाडी उभी करा, सकाळी कागद सांगेल.

पाणी आहे, आवाज आहे, मग पंपाच्या बाहेर निघालेली नळी उपसा आणि बटण दाबा. तिथे धार जोरात आली तर पंप आणि जाळी दोन्ही ठीक. अडथळा पुढे आहे. धार आली नाही किंवा नुसते थेंब आले तर जाळी तुंबली आहे. बहुतेक वेळा घोडे इथेच पेंड खाते.

पुढे नळी. गाडी गोठ्याजवळ किंवा धान्याच्या कोठीजवळ उभी राहत असेल तर उंदराचा विचार आधी करा. नळी कुरतडायला त्याला काय आवडते देव जाणे, पण तो कुरतडतो, आणि पाणी काचेऐवजी डॅशबोर्डच्या आत किंवा बंपरच्या मागे पडत राहते. नळी पूर्ण लांबीची हाताने चाचपा. मुडपलेली जागा, सुटलेला टी, चिरलेले टोक, काय ते हाताला लागतेच. टोकच चिरले असेल तर बोटभर कापून पुन्हा चढवा. नवीन नळी लागली तर जुन्या नळीचा तुकडा दुकानात घेऊन जा आणि त्याच मापाची घ्या. ही नळी मीटरवर मिळते आणि महाग नसते. अडल्या वेळी ठिबकच्या मायक्रोट्यूबचा तुकडा गरम पाण्यात टोक मऊ करून चढवता येतो, पण तो कडक असतो, तात्पुरताच समजावा. काही ठिकाणी दवाखान्यातली वापरलेली सलाइनची नळी लावलेली पाहिली. ते करू नका. तो दवाखान्याचा कचरा आहे, त्याला हात लावणेच बरे नाही.

नळी ठीक असेल तर शेवटी नोझल. इथे तीन शत्रू: धूळ, क्षार आणि कुंभारीण माशी. महिनाभर गाडी उभी राहिली की ही माशी लहान भोक बघून ओल्या मातीने लिंपून टाकते. माती, धूळ काढायला बारीक सुई चालते. पण सुई हलक्या हाताने. भोक मोठे झाले की धार न येता पाणी नुसते ओघळते. फवारणीचे नोझल झिजले की थेंब मोठे पडतात आणि औषध वाया जाते, ते आपल्याला माहीत आहे. इथेही हिशेब तोच. सुईपेक्षा चांगला उपाय म्हणजे नळी नोझलपासून सोडवायची आणि सायकलच्या पंपाने बाहेरून आत हवा द्यायची. कचरा ज्या वाटेने आला त्याच वाटेने परत जातो. नळीत कुठे एकतर्फी व्हॉल्व्ह असेल तर त्याच्यातून उलटी हवा जाणार नाही, त्याला दोष समजू नका. तो पाणी परत टाकीत उतरू नये म्हणून बसवलेला असतो. बटण दाबल्यावर चार-पाच सेकंदांनी पाणी येत असेल तर हा व्हॉल्व्ह खराब झाला आहे किंवा कोणी काढून टाकला आहे एवढेच.

तोंडाने फुंकू नका. फवारणीच्या नोझलला तोंड लावू नका हे सांगून आमचे खाते थकले. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, त्यानंतर तरी ते पुन्हा सांगायची गरज पडू नये. वॉशरमध्ये विष नसते हे खरे. पण हात, सुई, फडके ही एकाच डब्यातली असतात, आणि सवय एकदा लागली की नोझल कोणते ते तोंड बघत नाही. फवारणीची सुई आणि ब्रश वॉशरसाठी वापरूच नये.

विहिरीचे पाणी आणि पांढरा थर

क्षाराचे प्रकरण वेगळे आहे. आपल्या काळ्या जमिनीखालच्या खडकातले बहुतेक पाणी जड. भांड्याला, सोलरच्या नळाला, ठिबकच्या ड्रिपरला जो पांढरा थर बसतो तोच वॉशरच्या नोझललाही बसतो. काचेवर पाणी उन्हाने लगेच वाळते आणि पांढरे डाग मागे राहतात. सुईने हा थर निघत नाही. नोझल सुटे होत असेल तर काढून अर्धा तास लिंबूसताच्या कोमट पाण्यात किंवा व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, मग साध्या पाण्याने धुवा. सुटे होत नसेल तर त्याच पाण्यात कापूस भिजवून नोझलवर ठेवा.

एक गोष्ट ठासून सांगतो. ठिबकच्या ॲसिड ट्रीटमेंटसाठी आणलेले हायड्रोक्लोरिक ॲसिड घरात असते म्हणून ते या टाकीत ओतायचे नाही. पंपाचे रबर, आतली मोटर, गाडीचा रंग, काचेभोवतीची पट्टी, सगळ्याला ते खाते, आणि नोझलमधून उडाले तर डोळ्यात जाते.

टाकीत विहिरीचे पाणी भरणे बंद केले तर हा त्रास मुळातूनच कमी होतो. आरओचे पाणी एक-दोन लिटर लागते, तेवढे घरातून निघते. टिनावरून पडलेले पावसाचे पाणी पहिल्या दोन सरी सोडून दुहेरी कापडातून गाळून ठेवले तर तेही उत्तम; त्यात क्षार जवळजवळ नसतोच. कपडे धुण्याची पावडर टाकू नका. फेस होतो, तिचा थर काचेवर राहतो आणि वायपरचे रबर खराब होते. संत्र्याच्या झाडाचा चिकटा असेल तर दुकानात मिळणारे वॉशरचे लिक्विड डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात घालावे. नसेल तर निघण्याआधी कोमट पाणी आणि फडक्याने काच हाताने पुसून घ्यावी, वॉशरवर सगळा भार टाकू नये.

टाकीतले साधे पाणी महिनोन् महिने तसेच ठेवणेही बरे नाही. इंग्लंडमध्ये २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की सतत गाडी चालवणाऱ्या ज्या लोकांच्या वॉशरमध्ये लिक्विड न घालता नुसते पाणी होते, त्यांच्यात लेजिओनेला जिवाणूच्या न्यूमोनियाचा धोका जास्त दिसला. हा जिवाणू कोमट, साचलेल्या पाण्यात वाढतो आणि बारीक तुषारांबरोबर श्वासात जातो. घाबरायचे कारण नाही. पण तोडणी सुरू होण्याआधी एकदा आणि संपल्यावर एकदा टाकी रिकामी करून धुवायला काही खर्च येत नाही.

आवाजच येत नसेल तर

आता विजेची बाजू. आधी वायपर फिरतो का ते बघा. पुष्कळ गाड्यांत वायपर आणि वॉशर एकाच फ्यूजवर असतात. दोन्ही बंद तर फ्यूज. फ्यूज उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. पट्टीच्या फ्यूजमध्ये लाल म्हणजे १०, निळा १५, पिवळा २०. कुठे कोणता ते फ्यूजच्या झाकणावर लिहिलेले असते. सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा तांब्याची तार गुंडाळून काम चालवण्याची जी रीत आहे ती गाडी जाळणारी आहे. त्यात व्हॅनला गॅस किट असेल तर बोलायलाच नको.

नवीन फ्यूजही लगेच उडाला तर पंपाचा प्लग काढून ठेवा आणि पुन्हा एक फ्यूज घालून बटण दाबा. आता टिकला तर पंप आतून अडकला आहे. तरीही उडाला तर वायर कुठेतरी बॉडीला लागते आहे. पुन्हा उंदीर आठवा.

फ्यूज चांगला आणि तरी आवाज नाही, तर पंपाचा प्लग उघडून आतल्या पत्त्या बघा. ओल लागून हिरवा थर चढलेला असतो. बारीक पॉलिश पेपरने घासा, प्लग घट्ट बसवा. माझ्या पाहण्यात विजेच्या बाजूचे बरेच दोष इथेच मिटले. नाही मिटला तर १२ व्होल्टचा इंडिकेटरचा बल्ब दोन वायरींना जोडून टेस्टिंग बल्ब तयार करा. त्याची दोन टोके प्लगच्या दोन पत्त्यांना लावून बटण दाबायला सांगा. बल्ब चांगला लागला म्हणजे करंट पोचतो आहे आणि दोष पंपात आहे. लागला नाही तर एक टोक गाडीच्या बॉडीच्या घासलेल्या, रंग नसलेल्या लोखंडाला धरा आणि दुसरे आळीपाळीने दोन्ही पत्त्यांना लावा. आता लागला तर करंट येतो, पण परत जायची वाट तुटली आहे. अर्थची वायर जिथे बोल्टने बॉडीला कसली असते ती गंजलेली सापडेल. काही गाड्यांत बटणच अर्थच्या बाजूला असते, तिथे एका पत्तीला बटण न दाबताही करंट मिळतो. तेव्हा बटणही संशयात धरावे. कुठेच लागला नाही तर फ्यूजपासून बटणापर्यंतची बाजू बघायची. स्टिअरिंगखालचे बटण उघडणे मात्र इलेक्ट्रिशियनवर सोडा. दोष कुठे आहे हे त्याला सांगता आले तर अंदाजाने पार्ट बदलण्याचा खर्च तरी वाचतो.

पंपच दोषी ठरला तरी लगेच फेकू नका. बरेच दिवस न फिरलेला पंप नुसता आखडलेला असतो. दुसरा माणूस बटण दाबत असताना स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने दोन हलक्या टिचक्या मारा, कधी कधी फिरू लागतो. नाही फिरला तर टाकी रिकामी करून पंप वर ओढा. तो रबरात नुसता खोचलेला असतो. नवीन घेताना जुना सोबत न्या. तोंडाचे माप, नळीला किती फाटे आणि प्लगची घडण जुळली पाहिजे. रबरही त्याच वेळी बदला आणि साबणाचे पाणी लावून बसवा, म्हणजे फाटत नाही.

शेवटी धारेचा नेम. पुष्कळ नोझलच्या तोंडाशी छोटी गोळी असते, ती टाचणीने फिरते. गाडी उभी असताना धार काचेच्या मधल्या भागाच्या थोडी वर पडेल अशी ठेवा, कारण चालत्या गाडीत वारा तिला खाली दाबतो. धार छतावरून मागच्या मोटारसायकलवाल्याच्या अंगावर जात असेल तर ती फारच वर आहे.

एवढे करूनही रस्त्यात पाणी बंद झाले तर वायपर कोरडा फिरवत पुढे जाऊ नका. गाडी डांबराच्या पूर्ण खाली घ्या, चारही इंडिकेटर लावा आणि काच हाताने धुवा. त्यासाठी गाडीत एक फ्यूज, हातभर नळी, सुती फडके आणि पाण्याची बाटली असू द्या. बाटली पिण्याच्या पाण्याची जुनी चालेल. कीटकनाशकाची रिकामी बाटली, कितीही वेळा धुतलेली असली तरी, त्या कामाला घेऊ नये.